मदत हवी आहे: केनियात बाबांना निवांत पक्षी दाखवायचेत, आराखडा कसा करू?

नमस्कार मंडळी,

जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत बाबांना घेऊन केनियाला जायचं ठरतंय. नऊ दिवस हाताशी आहेत. बाबा ७१ वर्षांचे. उजनीच्या बॅकवॉटरला, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला, गेली तीसेक वर्षं हिवाळ्यातले बहुतेक रविवार त्यांनी नावेत काढलेत. नावाड्याला इंजिन बंद करायला सांगतात आणि रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा आपणहून जवळ सरकेपर्यंत तास-दीड तास गप्प बसून राहतात. घरी आले की हिशेबाच्या लांबट वहीत तारीख, वेळ, वारा, पक्षी अशी नोंद. जूनच्या पानांवर चातकाची पहिली हाक लाल शाईत असते आणि तिच्यापुढे दरवर्षी तेच तीन शब्द, "आफ्रिकेतून परत आला". ती आफ्रिका त्यांना एकदा दाखवायची आहे.

आमच्या टूरवाल्यांनी दिलेला कार्यक्रम असा: नैरोबी, अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मसाई मारा. नाकुरूला अर्धा दिवस, नैवाशाला दीड तासाची बोट, बाकी सगळा प्रवास. बाबांना पक्षी बघायचेत म्हटल्यावर त्यांनी नाकुरूचा फोटो पाठवला, काठभर गुलाबी पट्टा, लाखो रोहित. फोटो कोणत्या वर्षीचा ते दोनदा विचारलं, उत्तर आलं नाही. मग मीच वाचायला बसले. २०१० नंतर त्या सरोवराचं पाणी खूप वाढलं, खारेपणा कमी झाला, धाकटे रोहित (लहान जातीचे फ्लेमिंगो) ज्या निळ्या-हिरव्या शेवाळावर जगतात ते विरळ झालं आणि थवे दुसरीकडे पांगले. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. बाबा तिथे जाऊन रिकामा काठ बघत उभे राहिले असते, या विचाराने मला फार वाईट वाटलं.

म्हणून विचारते. नाकुरू वगळून बोगोरिया आणि बारिंगो ही सरोवरं घ्यावीत का? दोन्ही उत्तरेला आहेत, तिथून मसाई मारा एका दिवसात झेपेल? गुडघे दुखतात, सलग सहा-सात तास गाडीत बसणं त्यांना जड जातं.

भाऊ म्हणतो, एवढा खर्च करायचा तर ऑगस्टमध्ये जा, वाइल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडताना दिसतील. बाबांना गर्दी नको आहे. शिवाय हिवाळ्यात युरोप-आशियातले स्थलांतरित पक्षीही तिकडे असतात. सोलापूरच्या माळावर दिसणारा भोवत्या तिथल्या गवतावरून उडताना बघायला मिळेल, या कल्पनेनेच ते हरखले आहेत. माझा निर्णय चुकतोय का?

आणखी एक अडचण, जरा संकोचाने विचारते. बाबांना दर दीड तासाने लघवीला जावं लागतं. अभयारण्यात गाडीतून खाली उतरू देत नाहीत म्हणतात. मग काय करतात?

पिवळ्या तापाच्या लसीचंही सांगा. या वयात पहिल्यांदाच घ्यायची आहे.

प्रतिसाद

ताई, फेब्रुवारीच पक्का करा. कळप तेव्हा दक्षिण सेरेंगेटीत, टांझानियात असतात, त्यामुळे नदीचा तो देखावा मिळणार नाही. पण सिंह, चित्ते, हत्ती, जिराफ बारा महिने मारातच असतात. परदेशी माणसाला माराचं प्रवेशशुल्क जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आहे, जुलैपासून २००. हा फरक चांगल्या गाडीवर खर्च करा. छप्पर उघडणारी लँडक्रूझर घ्या आणि ती फक्त तुम्हा दोघांसाठी. दुसरी कुटुंबं बरोबर असली की चित्ता दिसला रे दिसला की ड्रायव्हर पुढे निघतो, बाबांचा नीलपंख राहतो मागे.

अंबोसेली काढून टाका. ते दक्षिणेला, तुमची सरोवरं उत्तरेला, दोन दिवस रस्त्यातच जातील. नाकुरू मात्र पूर्ण वगळू नका. रोहितांसाठी नाही, गेंड्यांसाठी. काळे आणि पांढरे दोन्ही तिथे आहेत. पाण्यात बुडून वाळलेल्या बाभळींच्या खोडांवर पाणकावळे बसलेले असतात, ते दृश्य बाबा विसरणार नाहीत. बारिंगोला जाता-येता तिथे मुक्काम पडतोच.

प्रतिसाद

मी दोन वर्षांपूर्वी आईला घेऊन गेलो होतो. बारिंगोला दोन रात्री द्याच. गोड्या पाण्याचं सरोवर आहे, सकाळी बोटीतून मत्स्यगरुड अगदी जवळून दिसतो. तिथले स्थानिक पक्षी-मार्गदर्शक गावचेच. आमच्या माणसाने एका काटेरी झुडपापाशी थांबवलं आणि बोटाने जमिनीकडे दाखवलं. मला पाचोळाच दिसत होता. पाच मिनिटांनी त्या पाचोळ्याने डोळा उघडला, तेव्हा कळलं की रातवा आहे. दिवसा झोपलेलं घुबडही त्याने असंच झाडात शोधून दाखवलं. आधी सांगून ठेवलंत तर तो माणूस दोन दिवस तुमच्याबरोबरच राहतो.

बोगोरियाला गाडीतून उतरून काठाने चालता येतं, बाबांना तेच आवडेल. पाणी तिथेही वाढलंय, काही उकळते झरे बुडालेत, आणि रोहित किती असतील हे आधी कोणीच सांगू शकत नाही. निघायच्या आठवड्यात तिथल्या मार्गदर्शकाला फोन करून विचारा.

बारिंगोहून थेट मसाई मारा गाठू नका, मोडून पडाल. मध्ये नैवाशाला दोन रात्री थांबा. क्रेसेंट बेटावर झेब्रे आणि जिराफांमधून पायी फिरता येतं. नैवाशाची उंची १८०० मीटरच्या वर आहे, पहाटे स्वेटर लागतो. बारिंगोला मात्र उकाडा आणि डास, मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घ्या.

लघवीचं अजिबात टेन्शन घेऊ नका. ड्रायव्हर मोकळं मैदान बघून, चारी बाजूंनी खात्री करून गाडी उभी करतो आणि गाडीच्या आडोशाला जाता येतं. पहिल्याच दिवशी त्याला स्पष्ट सांगा. आईच्या वेळी मी संकोचलो आणि दोन दिवस ती पाणीच प्यायली नाही, ती चूक करू नका.

प्रतिसाद

लसीबद्दल. ६० वर्षांनंतर पिवळ्या तापाची लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका थोडा वाढतो. बाबांची औषधं, जुने आजार सगळं घेऊन डॉक्टरांकडे बसा, मगच ठरवा. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तारखा मिळायला वेळ लागतो. प्रमाणपत्र लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परत येताना भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. म्हणून तिकिटं काढायच्या आधी हे काम. आणि प्लास्टिकच्या पिशव्या सामानात नकोत, केनियात २०१७ पासून बंदी आहे.

धागालेखिका

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. लघवीचं उत्तर वाचून बाबांनाच सगळ्यात हायसं वाटलं, ते मलाही कधी बोलले नव्हते.

अंबोसेली काढलं. आता असं धरलंय: नाकुरू एक रात्र, बारिंगो दोन आणि तिथूनच बोगोरिया, नैवाशा दोन, मारा दोन, शेवटची रात्र नैरोबीत. डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतली आहे, ते नको म्हणाले तर सगळंच थांबेल. हो म्हणाले तर एवढंच विचारायचं राहतं: त्या गाडीच्या खिडकीवर दुर्बीण टेकवायला तांदळाची पिशवी शिवून न्यावी म्हणते. रिकामी नेऊन तांदूळ तिथे भरता येतात ना? बाबांचे हात आता थोडे थरथरतात.