परिशिष्टं एकाच फाईलीत कोंबा म्हणे!

मोडीवाचक
'मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातच खुणा करून, पुस्तक करताय ना, मग परिशिष्टं त्याच फाईलीच्या शेवटी टाका, मूळ साधनांना लिंक द्या, झालं.' कालचा हा सल्ला वाचून डोकं उठलं. ज्यानं लिहिलं त्यानं मोडी पत्रांचं एक तरी परिशिष्ट लावलंय का? आमच्या पुस्तकात पत्रंच जास्त, आमची बडबड कमी. प्रत्येक पत्राची फाईल वेगळीच हवी. वर रुमाल (कागदांचं गाठोडं) क्रमांक, तारीख, लिप्यंतर कुणाचं, आणि न बदलणारा लेखांक, म्हणजे त्या पत्राचा स्वतःचा क्रमांक. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या पत्रसंग्रहाचा पहिला खंड १८९८चा. आजही लोक 'खंड अमुक, लेखांक तमुक' असाच दाखला देतात. तुमच्याकडे 'परिशिष्ट ३'च्या आधी एखादं पत्र घुसलं की पुढचे सगळे दाखले बोंबलले.

एकफाईलवाला
सल्ला माझाच. करा शंभर फायली आणि द्या पॅन्डॉकला, मार्कडाउनचं पुस्तक बनवणाऱ्या प्रोग्रामला. तो त्या नुसत्या एकामागे एक चिकटवतो. प्रत्येक पत्रात 'टीप १' असतेच, मग कुणाची टीप कुणाखाली छापली जाईल ते देव जाणे. माझं सगळं एका जागी, साध्या मजकुरात आहे, आणि साधा मजकूर टिकतो. शोधलं की सापडतं.

मोडीवाचक
त्यासाठी 'फाइल-स्कोप' पर्याय आहे, प्रत्येक फाईल सुटी वाचली जाते. मॅन्युअल उघडायचे कष्ट घ्या की जरा.

प्रूफवाली मावशी
'शोधलं की सापडतं' ना? 'दुसऱ्या' शोधून दाखवा. निम्म्या लोकांनी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरलेलं असतं, उरलेल्यांनी साधा र, हलन्त आणि मध्ये तो झेडडब्ल्यूजे, अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधात मात्र एकच लागतो. एका स्मरणिकेची सूची करताना दुसऱ्या बाजीरावाचे निम्मे उल्लेख असेच गायब झाले होते, आणि संपादक माझ्यावर डाफरले. जुन्या फॉन्टातून युनिकोडात आणलेला मजकूर तर विचारूच नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते. रूपांतर करणारा प्रोग्राम ती एकच अक्षर पुढे ढकलतो, की 'स्थिती'ची वेलांटी स ला लटकली. साधा मजकूर टिकतो म्हणे! आधी तो साधा तरी असू दे.

ठाणेकर
इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक शिका, सगळे प्रश्न मिटतील. शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो. इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करणाऱ्या फोनेटिकवाल्यांनी मराठीची वाट लावलीय.

प्रूफवाली मावशी
अहो ठाणेकर, मला लेखक मजकूर पाठवतात, कळफलक पाठवत नाहीत. सत्तरीच्या गृहस्थांना मोबाईलवर इन्स्क्रिप्ट शिकवायला तुम्ही येताय का?

ठाणेकर
सत्तरीचे गृहस्थ व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसभर टाईप करतात, तेव्हा बरं जमतं!

कोकणी माणूस
कळफलकावरून भांडत बसा. लिंकेचं काय? माझ्या प्रबंधात एका संस्थेच्या साइटवरच्या कागदांच्या लिंका होत्या. त्यांनी साइट नव्यानं बांधली, सगळीकडे ४०४, पानच सापडेना. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी नेमकी तीच टीप उघडायला सांगितली. त्या दिवसापासून मजकूर उतरवून शेजारीच ठेवतो.

एकफाईलवाला
उतरवा आणि कॉपीराइटची नोटीस घ्या. लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो. अख्खा लेख परिशिष्टात छापणार?

कोकणी माणूस
छापणार कोण म्हणालं? फोल्डरात ठेवतो, छापत नाही. आणि राजवाडे १९२६ साली गेले, त्यांची नोटीस यायची नाही.

एकफाईलवाला
बरं बाबा, तुम्ही सगळे विद्वान. पत्रांना लेखांक देतो, तेवढं पटलं. पण फाईल एकच राहणार, आणि लेखांक त्या एकाच फाईलीत बसतात. राजवाड्यांनीही प्रत्येक पत्राचा वेगळा ग्रंथ काढला नव्हता.

मोडीवाचक
बावीस खंड काढले हो!

प्रूफवाली मावशी
लेखांक देताना आकडे मराठी की इंग्रजी ते एकदाच ठरवा. नाहीतर फाईलीत '12' असेल, तुम्ही '१२' शोधाल आणि पुन्हा मलाच फोन कराल.