अनुभव धागा : गावच्या कलादालनातली कामाची माणसं

धागा काढणारी, वर्धा जिल्हा

वर्ध्यात १९३८ पासून मगन संग्रहालय खेड्यातल्या हातांचं काम मांडून दाखवतंय. पण मांडणं हेही हातांचंच काम, आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही. शहरातल्या दालनात त्यासाठी पदं असतात, पगार असतात. आपल्याकडं जुन्या शाळेची खोली किंवा जिनिंगचं रिकामं गोदाम असतं आणि चारपाच जण सगळं पाहतात. भिंतीवर चित्र लावणारा, चौकट करणारा, नोंदवही सांभाळणारी, दारावर बसणारा चौकीदार, अशा सगळ्यांनी इथं लिहा. एकच विनंती, आठवणी आणि सत्कार नकोत. माप, प्रमाण, क्रम, काय बिघडतं आणि का, तेवढंच लिहा.

भिंत सांभाळणारा

चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर, हा साधा नियम. चौकटी लहानमोठ्या असल्या तरी मध्य एका रेषेत ठेवायचा, वरच्या कडा नाही. हिशेब असा: ५८ अधिक चौकटीची अर्धी उंची, उणे तार ताणल्यावर ती वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितके इंच. चौकट २४ इंची आणि तार ३ इंच खाली येत असेल तर ५८ + १२ − ३, म्हणजे हूक ६७ इंचांवर. तार ढिली धरून मोजली की चित्र हमखास खाली बसतं, म्हणून बोटानं वर ओढून मोजा. शाळेची मुलंच येणार असतील तर मध्य ५२ वर आणा.

एका खिळ्यावर चित्र टांगू नका. दारासमोरून ट्रॅक्टर गेला की तिरपं होतं आणि मग दिवसभर कुणी ना कुणी ते सरळ करत बसतं. दोन हूक, मधलं अंतर चौकटीच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश. विटेच्या भिंतीत ६ मिलिमीटरचा बिट, तेवढीच गिट्टी (भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) आणि दीड इंची स्क्रू. भोक विटेत पडलं पाहिजे, सांध्यात नाही. ड्रिलमधून पांढरी भुकटी आली तर सांधा, लाल आली तर वीट. मागं खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवा, अर्धा इंच हवा खेळली पाहिजे. नाही तर पावसाळ्यात भिंतीची ओल थेट चौकटीत शिरते. नव्या प्लास्टरच्या भिंतीवर पहिलं वर्षभर कागदावरचं काम लावूच नये, असं माझं मत.

मातीच्या भिंतीवाला, गोंदियाकडचा

वरचं सारं विटेच्या भिंतीसाठी झालं. मातीच्या भिंतीले खिळा ठोकू नका राजेहो. पहिल्या दिवशी बसते, तिसऱ्या दिवशी भोक मोठं होते, मंग चौकट खाली. छताखाली आडवा बांबू बांधा. त्याचा भार भिंतीवर नाई, लाकडी खांबावर पायजे. दर चार फुटाले एक खांब. बांबू मनगटाएवढा जाड घ्या आन् बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेलाच घ्या. नाई तं भुंगा लागते आन् त्याचा पिवळा भुसा रोज चित्राच्या काचेवर पडते.

टांगाले नायलॉनची दोरी घेऊ नका. ते ताणते. आज सरळ लावलं, आठ दिवसानं एक कोपरा इंचभर खाली. जीआय तार, म्हंजे जस्त चढवलेली लोखंडी तार घ्या, एका चित्राले दोन.

चौकट करणारा

माझ्याकडं बिघडून येणाऱ्या चित्रांत निम्म्याहून जास्त ठिकाणी गुन्हेगार एकच, सेलोटेप. दोनतीन वर्षांत तिचा चिकट भाग कागदात उतरतो, पिवळा होतो आणि वरची पट्टी सुकून गळून पडते. डाग राहतो तो राहतोच. फेविकॉलही नको, ते परत सोडवता येत नाही.

खळ करा, पण गव्हाच्या स्टार्चची. मैद्यात चिकाचा भाग राहतो आणि कसरीला तो आवडतो. एक वाटी स्टार्च, चार वाट्या पाणी. आधी अर्धा तास भिजत ठेवायचं, मग मंद आचेवर वीसेक मिनिटं सतत ढवळायचं. पांढरं दूध हळूहळू काचेसारखं होतं आणि चमच्याला लोंबायला लागतं, तेव्हा उतरवा. गार झाल्यावर चाळणीतून घासून घ्या. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात तर दुसऱ्याच दिवशी वास येतो. जुने लोक त्यात मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. कागदाच्या कामात ते अजिबात नको. मोरचुदातलं तांबं कागद तपकिरी आणि ठिसूळ करतं.

चित्र पाठीमागच्या पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवायचं नसतं. वरच्या कडेला पातळ, लांब तंतूच्या कागदाच्या दोन बिजागऱ्या, बस. खालून चित्र मोकळं लोंबकळलं पाहिजे. हवेबरोबर कागद ताणतो-आखडतो. त्याला जागा दिली नाही की पोट येतं.

काच आणि चित्र एकमेकांना टेकता कामा नयेत. मधे आम्लरहित माउंटबोर्ड, म्हणजे चित्रापुरती खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, कडेनं अडीच ते तीन इंच, खालच्या बाजूला अर्धा इंच जास्त. काच टेकली तर ओल धरून रंग काचेला चिकटतो आणि चौकट उघडताना रंगासकट निघतो.

कूलरबद्दल एक

मे महिन्यात आपल्याकडं दुपारी हवेतली आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली उतरते. कुणी पाहुणा येणार म्हणून खोलीत डेझर्ट कूलर लावतात, खिडक्या बंद करतात आणि दोन तासांत तीच आर्द्रता साठच्या पुढं जाते. संध्याकाळी कूलर बंद, रात्री परत खाली. माणसाला बरं वाटतं, कागद मात्र रोज ताणतो आणि रोज आखडतो. पंधरवड्यात सगळे जलरंग पन्हाळी पत्र्यासारखे लाटदार. आणि पासष्टच्या वर आर्द्रता टिकली की बुरशी.

कूलर लावायचाच तर चित्रांच्या खोलीत नाही, बाहेरच्या ओसरीत, चौकीदार बसतो तिथं. खोलीत साधे पंखे आणि उंचावर एक्झॉस्ट. पत्र्याखाली तट्ट्याचं छत बांधा, तट्टा आणि पत्रा यांत फूटभर पोकळी ठेवा आणि दोन्ही टोकांना ती उघडी राहू द्या. दालन उन्हाळ्यात सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८. दुपारी तसंही कुणी येत नाही. आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो. तो दारापाशी लावू नका, आतल्या भिंतीवर चित्राच्या उंचीला लावा आणि दिवसातून दोनदा आकडा वहीत लिहा.

दिव्याची जबाबदारी असलेली

जलरंग, शाई, कापड, वारली वा गोंड शैलीतलं कागदावरचं काम: ५० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप). तैलरंगाला २०० चालतं. बाहेर थेट उन्हात हाच आकडा लाखाच्या आसपास जातो, यावरून पश्चिमेच्या खिडकीसमोर चित्र का लावू नये ते कळावं. मोबाइलवर लक्स मोजणारं ॲप तंतोतंत नसतं, पण ५० आणि ५०० मधला फरक दाखवतं आणि आपल्याला तेवढं पुरतं.

एलईडी ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, आणि रंग खरा दाखवणारा, म्हणजे खोक्यावर सीआरआय ९० किंवा जास्त लिहिलेला. दिवा छतावरून उभ्या रेषेशी ३० अंशांत. त्याहून तिरपा केला की बघणाऱ्याची सावली चित्रावर, सरळ केला की चौकटीची सावली चित्रावर. हॅलोजन लग्नाच्या मांडवात ठेवा.

नोंदवही सांभाळणारी

चित्र दारातून आत आलं की पहिल्या दहा मिनिटांत तीन गोष्टी: पावती दोन प्रतींत, क्रमांक, फोटो. फोटो समोरून, मागून आणि चारही कोपऱ्यांचे जवळून. शिवाय फोनची बॅटरी बाजूनं तिरपी मारून एक, म्हणजे उचललेला पापुद्रा आणि सुरकुती दिसते. स्थिती लिहिताना ‘ठीक’ हा शब्द बंद. ‘डावीकडं खाली, कडेपासून २ सेंटिमीटर, कसरीची तीन छिद्रं’ असं लिहायचं. परत देताना भांडण होतं ते नेमकं याच तीन छिद्रांवरून.

क्रमांक साधा ठेवा. वर्ष, त्या वर्षातलं कितवं येणं, त्यातलं कितवं चित्र: २०२५.७.३. कागदाच्या मागं खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेन नाही, स्टिकर नाही.

विक्रीत दालन किती कापणार ते पावतीवरच लिहा. शहरात तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत कापतात. आपण कमी घेतो म्हणून तोंडी ठरवलं तर चालतं असं नाही. आणि तयार चित्र विकत घेतलं म्हणजे ते कॅलेंडरवर छापायचा हक्क मिळाला, हा गैरसमज दुकानदारांपासून बँकेपर्यंत सगळ्यांना असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं तो हक्क चित्रकाराकडंच राहतो, लेखी लिहून दिला तरच जातो. पावतीच्या तळाशी हे एक वाक्य छापून ठेवा.

चित्राखालची पाटी लिहिणारा

पाटी चित्राच्या उजवीकडं, ५० इंचांच्या आसपास. अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको, चष्मा घरी विसरून येणारे पुष्कळ. मजकूर साठ शब्दांच्या आत.

खरी चूक अक्षरात नसते, ‘आदिवासी कला, गडचिरोली’ असं लिहून मोकळं होण्यात असते. नाव लिहा, गाव लिहा, कशानं काढलं ते लिहा. ‘गोंड चित्र’ हा शिक्काही विचारून मारा. ठिपक्या-रेघांनी अंग भरलेले हरीण-मोर आज या नावानं विकले जातात, पण ती शैली चित्रकार जनगढसिंह श्याम यांनी मध्य प्रदेशातल्या पाटणगढमधून भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात नेली आणि तिथून ती पसरली. गडचिरोलीतल्या गोंड बाईनं काढलेलं चित्र त्या शैलीत असेल किंवा नसेलही. ती काय म्हणते ते पाटीवर आलं पाहिजे, तिच्या बोलीतला शब्द असेल तर तोही.

चौकीदार

हात लावणाऱ्यांना ओरडू नका. दारापाशी एक टेबल ठेवा, त्यावर कॅनव्हासचा तुकडा, हातकागद, एक मातीचं भांडं, एक जुना ब्रश. तिथं हात लावून घेतला की आत हात शिवशिवत नाही.

तुकडोजी महाराज किंवा गाडगेबाबांचं चित्र असलं तर मात्र टेबलानं भागत नाही. लोक पाय धरायला वाकतात, काचेवर कुंकू लावतात, हार घालतात. हाराचं पाणी चौकटीच्या खालच्या खाचेत उतरतं. अडवलं तर वाईट दिसतं आणि दिसायलाच पाहिजे. चित्रासमोर दोन फुटांवर पाट, त्यावर ताट, फुलं तिथं. संध्याकाळी ताट उचलून फुलं बाहेर.

उद्घाटनाची समई खोलीत नको, काजळी छताला लागते आणि तेल सांडतं. ओसरीत ठेवा.

उघडताना मोजणी, बंद करताना मोजणी, दोन्ही सह्या. पालीची लेंडी, गांधीलमाशीचं घर, खाली पडलेला भुसा हे मोजणीच्या वेळीच बघून होतं.

लाकूड आणि माती बघणारी

तान्ह्या पोळ्याचे जुने लाकडी बैल पुष्कळ दालनांत येतात आणि बरोबर भुंगा घेऊन येतात. खाली ताजा, फिकट भुसा दिसला की कीड जिवंत. रॉकेल चोपडू नका. बैल जाड पॉलिथिनमध्ये हवा काढून टेपनं बंद करा आणि आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, उणे १८ ते २० अंशांत. काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाही तर गार लाकडावर पाणी सुटतं. ज्यावर रंगाचे जाड थर आहेत त्यांना हा उपाय नको, रंग तडकतो.

मातीची भांडी, भद्रावतीकडची असोत की गावच्या कुंभाराची, गळ्याला किंवा कानाला धरून उचलायची नाहीत. एक हात बुडाखाली, एक पोटाला. उंच घड्याच्या आत कोरड्या रेतीची कापडी पुरचुंडी ठेवा, धक्क्यानं कलंडत नाही.

कडुलिंबाचा पाला ठेवतात तो पूर्ण वाळवून, मलमलीच्या पुरचुंडीत, महिन्याला बदलून. ओला पाला म्हणजे बुरशीला आमंत्रण.

छोट्या हत्तीतून (लहान मालवाहू गाडीतून) ने-आण करणारा

चौकटी उभ्या, आडव्या कधीच नाही. तोंडाला तोंड, पाठीला पाठ, मधे पुठ्ठा. काचेवर मास्किंग टेपची फुली मारा, फुटली तर तुकडे जागीच राहतात. ॲक्रिलिकवर फुली मारू नका, चिकटा निघत नाही. बबल रॅपचे फुगे बाहेरच्या बाजूला, आणि रंगाला रॅप लागण्याआधी बटर पेपर. मे महिन्यात फुगे रंगाशी टेकले तर गोल ठसे उमटतात. खाली गादी, वर ताडपत्री, पण ताडपत्री घट्ट आवळू नका, आत भट्टी होते.

तारखाही बघा. सोयाबीन काढणीत, कापूस वेचणीत किंवा धानाच्या रोवणीत प्रदर्शन ठेवलं तर गाडीही मिळत नाही आणि माणूसही. संक्रांत झाल्यावर, ऊन चढायच्या आत, आणि बाजाराच्या दिवशी.

वडसा भागातून एक प्रश्न

झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकाचा जुना रंगवलेला पडदा दालनाला मिळाला आहे. घडी घालून ठेवला आहे. काय करावं?

उत्तर

आधी घडी उघडा. घडीवरच रंग तडकतो. पावडर रंगात सरस घालून रंगवलेला असेल तर पाण्याचा एक थेंबही डाग पाडतो, म्हणून ओल्या फडक्यानं पुसू नका. मऊ, रुंद ब्रशनं धूळ एका दिशेनं झाडा. मग गुंडाळा, रंगवलेली बाजू बाहेर, मधे धुतलेलं सुती कापड. रंग आत ठेवून गुंडाळला तर तो चेपतो आणि पापुद्रे सुटतात. पाइप पीव्हीसीचा, चार इंचीपेक्षा बारीक नको, सहा इंची मिळाला तर उत्तम. वरून सुती पट्ट्यांनी बांधा, सुतळीनं नाही, तिचा वळ उठतो. दोन्ही टोकं आधारावर टेकवा म्हणजे गुंडाळी जमिनीवर येणार नाही. आणि पाइपाची तोंडं जाळीनं बंद करा, नाही तर उंदीर आत घर करतो आणि ते पुढच्या दिवाळीपर्यंत कळत नाही.