फ्री-मोशन: वळणावर खालून दोरा सुटतो

सांगलीहून प्रश्न: घरच्या मशीनवर फ्री-मोशननं, म्हणजे कापड हातानं हवं तसं फिरवत, गोधडी शिवतेय. कापड सरकवणारे दात खाली केलेत, डार्निंग फूट (फ्री-मोशनला लावतात तो दाबपाय) लावलाय. सरळ रेष छान येते, पण वळणावर खालून दोऱ्याचे फास दिसतात. टेन्शन (दोऱ्याचा ताण) बदलू का?

उत्तर: इतक्यात नको, ताई. वळणावर हात पळतो आणि मशीन मागं राहतं, म्हणून वरचा दोरा खाली खेचला जातो. पॅडल एकसारखं ठेवा, हात सावकाश. इंचाला 8-10 टाके बसवा. 14 नंबरची नवी सुई घाला.

आणखी एक उत्तर: सगळीकडेच गुंता असेल तर फूट खाली टाकलाय का बघा. तो वर राहिला की वरच्या दोऱ्याला ताणच मिळत नाही!

साताऱ्याहून सल्ला: सरावाला जुन्या सुती साडीचे 12 इंची तुकडे, मध्ये पातळ अस्तर. चार-चार इंचांवर सेफ्टी पिना. बॉबिनचा (खालचा) दोरा आधी वर काढा, मग मोडी लिहिल्यासारखी सलग वळणं.