सुपरवायझरने टीमला ‘मोटिव्हेट’ करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

चाकणकर
गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी लाइन सुपरवायझर आहे. मध्यंतरी कंपनीने आम्हा सगळ्यांना रिसॉर्टवर नेऊन ‘टीमला मोटिव्हेट कसं करावं’ याचं दिवसभर ट्रेनिंग दिलं. टाळ्या वाजवून झाल्या, फुगे फोडून झाले, ‘यस आय कॅन’ ओरडून झालं. दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्टला येऊन बघतो तर मशीनचं फिक्श्चर (पार्ट जागेवर घट्ट धरणारा साचा) तसंच ढिलं आणि ऑपरेटर पाचर मारून काम रेटतोय. टूल रूमला कधीपासून सांगतोय, पण त्यांची तारीख काही येत नाही.

माझं मत असं की माणूस कामावर येतो तेव्हा त्याला बऱ्यापैकी काम करायचंच असतं. त्याच्यात बाहेरून काही भरायला नको. त्याचा जीव ज्याने विटतो ते तेवढं हटवावं. ढिलं फिक्श्चर, शिफ्ट सुटायच्या वेळी गळ्यात मारलेला ओटी (ओव्हरटाइम), बहिणीच्या लग्नाची रजा आदल्या दिवसापर्यंत लटकवणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्याने सुचवलेली सुधारणा साहेबांपुढे आपल्या नावावर खपवणं. एवढं टाळलं की भाषणं लागत नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

वाळूजकर
यादी छान आहे, पण तिच्यात पगार कुठाय? एकाच मशीनवर फर्स्टला कायम कामगार आणि सेकंडला कंत्राटी. पार्ट तोच, टार्गेट तेच, पगार निम्म्याहून कमी. त्या पोराला फिक्श्चर सोन्याचं करून दिलंत तरी महिनाअखेरीला तो समोरच्या कंपनीत हजार रुपये जास्त मिळतात म्हणून जाणारच, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही.
अमेरिकेतल्या मोटारवाल्या हेन्री फोर्डचं उदाहरण घ्या. 1913 साली त्याच्याकडे कामगार गळतीचा दर 370 टक्के होता, म्हणजे एका जागेवर वर्षात तीन-चार माणसं बदलायची. 1914 च्या जानेवारीत त्याने रोज 5 डॉलर जाहीर केले, आधीच्या दुपटीहून जास्त. दारात गर्दी लोटली. कुणी फुगे फोडले नव्हते.

एचआरवाली
फोर्डची गोष्ट अर्धीच सांगितलीत. ते 5 डॉलर सरसकट नव्हते. कंपनीची माणसं कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, घर नीटनेटकं ठेवतो का, हे बघायची आणि मगच पूर्ण रक्कम मिळायची. शिवाय त्याने गळती थांबली; काम होतं तेवढंच कंटाळवाणं राहिलं. माणूस टिकणं आणि माणसाने मन लावणं या दोन गोष्टी आहेत.
फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. पगार, कामाची जागा, साहेबाची वागणूक हे बिघडलं की माणूस नाराज होतो, पण ते सुधारलं म्हणून आपोआप उत्साही होत नाही. उत्साह येतो तो कामातून, जबाबदारीतून, केलेल्याची दखल घेतली गेली तर. म्हणून चाकणकर, तुमची यादी नाराजी कमी करण्याची आहे. पुढची पायरी राहिलीच.

वाळूजकर
हर्झबर्गने ज्या दोनेकशे लोकांना प्रश्न विचारले ते पिट्सबर्गकडचे इंजिनिअर आणि अकाउंटंट होते. ज्यांचं पोट आधीच भरलेलं त्यांना विचारल्यावर ते ‘कामातलं समाधान’ म्हणणारच. कास्टिंगच्या कडा घासणाऱ्या हेल्परला विचारलं असतं म्हणजे कळलं असतं.
आणि दखलीचं म्हणाल तर आमच्याकडेही ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’चा बोर्ड आहे. तिसऱ्या महिन्यापासून नाव पाळीपाळीने लागतं, भिशी लागते तसं.

एचआरवाली
बोर्ड पाळीपाळीने लावला तर तो सुपरवायझरचा आळस आहे, दखलीचा दोष नाही. ‘तू काल सेटिंग बदललंस म्हणून सेकंड शिफ्टचं रिजेक्शन कमी झालं’ हे त्याच दिवशी, चार लोकांसमोर, त्याचं नाव घेऊन सांगायला कुठला बोर्ड लागतो?

चाकणकर
हे मान्य. पगाराचंही मान्य, पण वाळूजकर, पगार माझ्या हातात नाही. करार युनियन आणि मॅनेजमेंट करतात, कंत्राटी दर पर्चेस, म्हणजे माल खरेदी करणारं खातं ठरवतं (माणसांचा दर पर्चेसने ठरवावा यातच सगळं आलं). मी विचारतोय ते सुपरवायझरच्या हातात काय उरतं याबद्दल.

निवृत्त क्वालिटीवाला
हातात बरंच असतं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्या. गैरहजेरी, तक्रारी, अचानक होणारे संप, सगळ्यासाठी बदनाम. 1982 मध्ये बंद पडला. 1984 मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत ‘नुमी’ या नावाने तिथेच पुन्हा सुरू झाला. घेतलेले कामगार बहुतांश तेच जुने, युनियनही तीच. तरी दोनेक वर्षांत गैरहजेरी प्रचंड घटली आणि दर्जा जपानमधल्या कारखान्याच्या जवळ गेला.
माणसं तीच असताना बदललं काय? पाच-सहा जणांची टीम आणि तिचा एक लीडर, जो स्वतः ते काम करू शकतो. आणि अँडॉनची, म्हणजे अडचणीचा इशारा देणारी दोरी. काही चुकलं की कामगाराने ओढायची. लीडर धावत येणार, आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबणार. जुन्या व्यवस्थेत लाइन थांबवणं म्हणजे पाप होतं. खराब गाडी तशीच पुढे जायची. आता ‘तुझ्या नजरेला पटत नसेल तर थांबव’ असं कामगाराला सांगितलं गेलं. याच्याइतकी मोठी दखल कुठली?

वाळूजकर
तेच कामगार मधली दोन वर्षं बेकार होते, हे विसरू नका. नोकरी गमावून परत मिळालेला माणूस हजर राहणारच. त्याला भीती म्हणा.

निवृत्त क्वालिटीवाला
भीती सहा महिने पुरते. 1988 च्या सुमारास तिथे गाड्यांचा खप पडला, तेव्हा कंपनीने कुणाला घरी पाठवलं नाही. रिकाम्या वेळात ट्रेनिंग दिलं, सुधारणांची कामं दिली. शब्द पाळला म्हणून विश्वास बसला.
आपल्याकडे दोरी आली, शब्द आला नाही. कितीतरी प्लांटमध्ये अँडॉनचे दिवे आहेत. ऑपरेटरने बटण दाबलं की सुपरवायझर येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘कुणी थांबवली रे?’ ‘काय झालं?’ नंतर. दुसऱ्यांदा तो दाबत नाही.

चाकणकर
हा प्रश्न आमच्याकडे रोज ऐकू येतो. माझ्यावर प्लांट हेड तसाच येतो, मग मी खाली. पण इथे मला काही करता येईल. वरच्या शिव्या मी झेलायच्या, खाली उतरवायच्या नाहीत.

लातूरचा ऑपरेटर
साहेब लोकांचं वाचलं. मी खालून सांगतो. आमच्याकडं ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आली की निम्म्या पोरांना गावाकडं जायचं असतं. त्याच वेळेला तुमचं दिवाळीचं डिस्पॅच. रजा मागितली की ‘बघू’. ‘नाही’ म्हणा ना, चालंल, आम्ही भावाला सांगू, मजूर लावू. ‘बघू’मध्ये पीक पावसात भिजतं. मग पोरगं न सांगता जातं आणि तुम्ही म्हणता मोटिव्हेशन नाही.

चाकणकर
बरोबर आहे. आमच्या लाइनवर आता ऑगस्टमध्येच रजेचा तक्ता लावतो. कुणाला कधी जायचंय ते पोरांनीच आपसात बसून ठरवायचं, एका वेळी तीनपेक्षा जास्त नाही एवढीच अट. भांडतात, पण ठरवतात. न सांगता दांडी जवळपास बंद झाली.

वाळूजकर
त्या तक्त्यावर कंत्राटी पोरांची नावं आहेत का?

चाकणकर
नाही. त्यांची रजा कंत्राटदार मंजूर करतो. मला त्यात पडू नका असं सांगितलंय.

एचआरवाली
सांगणारच. त्यांची रजा आपण मंजूर केली तर उद्या लेबर कोर्टात ‘प्रत्यक्ष नियंत्रण कंपनीचंच होतं, कंत्राट नावापुरतं’ असा दावा उभा राहतो. आवडो न आवडो, कायदेशीर कारण आहे.

वाळूजकर
रजेपुरता तो कंत्राटदाराचा. आणि सकाळी सातला कुठल्या मशीनवर उभं राहायचं, आज किती पीस काढायचे, हे त्याला कोण सांगतं?

लातूरचा ऑपरेटर
कंत्राटदाराला मी दोन वर्षांत एकदा पाहिलाय. भरतीच्या दिवशी.