विषय: बँकेच्या ताब्यातलं मोठं घर घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत आमच्या भागात सहा हजार चौरस फुटांचं एक घर विक्रीला आलंय. स्विमिंग पूल, तळघरात होम थिएटर, तीन गाड्यांचं गॅरेज. जुन्या मालकाचे हप्ते थकले, लिलावात कोणी पुरेशी बोली लावली नाही आणि घर बँकेकडेच राहिलं. अख्खा हिवाळा रिकामं होतं. किंमत शेजारच्या घरांपेक्षा बरीच कमी आहे. एजंट म्हणतो, याच आठवड्यात ऑफर द्या. ह्यांना घर फार आवडलंय, मला मात्र धाकधूक वाटते. अशा घरात नेमकं काय बघायचं?

*

ताई, नमस्कार.

घरांची तपासणी हे माझं रोजचं काम, म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो. एरवी समोर मालक असतो. छत कधी बदललं, तळघरात पाणी कुठून झिरपतं हे त्याला ठाऊक असतं. बँक त्या घरात एक दिवसही राहिलेली नसते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर जप्तीत आलेलं घर विकताना नेहमीचा डिस्क्लोजर फॉर्म (घरातले दोष लेखी सांगणारा) भरण्यातूनही बँकेला सूट आहे. घर 'आहे तसं' मिळतं. तेव्हा माहिती घराकडूनच काढून घ्यावी लागते.

थंडीच्या भागात रिकामं घर 'विंटराइज' करतात: पाणी बंद, पाइप रिकामे, ट्रॅपमध्ये (सिंकखालच्या वाकड्या पाइपात) न गोठणारं अँटिफ्रीझ. अशा घरात इन्स्पेक्टर प्लंबिंगबद्दल काहीच सांगू शकत नाही. तपासणीआधी पाणी, वीज आणि गॅस सुरू करायची अट ऑफरमध्येच घाला. खर्च बहुधा तुमच्यावर येईल, तो करा. मग वरच्या मजल्यावरचे सगळे नळ सोडा आणि खालच्या खोल्यांची छतं बराच वेळ बघत राहा. गोठून फुटलेला पाइप भिंतीच्या आत असतो, दाब आल्याशिवाय तो कळत नाही.

पूल, लिफ्ट, सेप्टिक (सांडपाण्याची टाकी), प्रत्येक मजल्याचं वेगळं एसी युनिट यांना आपापला माणूस बोलवा. रिकाम्या घरांच्या एसीतलं तांबं चोरीला जातं, तेही पाहून घ्या. तळघरातल्या थिएटरचं परमिट घेतलं होतं का आणि शेवटची तपासणी होऊन ते रीतसर बंद झालं का, हे गावाच्या बिल्डिंग डिपार्टमेंटमध्ये विचारा.

किंमतीचं म्हणाल, तर जुन्या मालकाने किती कर्ज काढलं होतं ते विसरून जा. गेल्या काही महिन्यांत तिथे विकल्या गेलेल्या तशाच घरांचा भाव घ्या, त्यातून दुरुस्तीचा आकडा आणि राहायला जाईपर्यंतचा कर, विमा, देखभाल वजा करा. उरेल तीच तुमची ऑफर.

*

ताई, दादांनी घराचं सांगितलं, मी कागदांचं सांगते. मी टायटलच्या, म्हणजे घराच्या मालकी हक्काच्या कागदांच्या कामात आहे.

बँक स्वतःचं अ‍ॅडेंडम (कराराची पुरवणी) जोडते आणि राज्याच्या छापील करारापेक्षा त्यातला शब्द वरचढ ठरतो. क्लोजिंग, म्हणजे व्यवहार पूर्ण होणं, तुमच्यामुळे लांबलं तर दिवसागणिक दंड लिहिलेला असतो. सही करण्याआधी वकिलाला दाखवा. डीड (खरेदीखत) बहुधा 'स्पेशल वॉरंटी' असतं, म्हणजे हमी फक्त बँकेच्या मालकीच्या काळापुरती. त्याआधीचं काही निघालं तर तुम्हाला वाचवते ती ओनर्स टायटल पॉलिसी, म्हणजे मालकी हक्काचा तुमच्या नावाचा विमा. कर्ज देणाऱ्याची पॉलिसी त्याच्यापुरतीच असते, तुमची वेगळी घ्याच. कर्ज काढून घर घेत असाल तर अमुकच कंपनीकडून टायटल इन्शुरन्स घ्या, अशी सक्ती विकणाऱ्याला तुमच्यावर करता येत नाही. रेस्पा या घरखरेदीच्या व्यवहारांबद्दलच्या केंद्रीय कायद्याचं कलम ९ त्यासाठीच आहे.

जुन्या मालकावर आयआरएसचा (केंद्राच्या कर खात्याचा) लिएन, म्हणजे थकलेल्या करापोटी घरावर हक्क होता का, ते शोधायला सांगा. असेल तर लिलावापासून किमान १२० दिवस सरकार घर सोडवून घेऊ शकतं. मिशिगन, मिनेसोटासारख्या राज्यांत जुन्या मालकालाही लिलावानंतर सोडवणुकीची मुदत मिळते. ती संपल्याची खात्री हवी. मालमत्ता कर आणि एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघाची) थकबाकी लेखी मागवा.

*

दोघांचेही मनापासून आभार. पाणी सुरू करायची अट घालूनच ऑफर देतो. दुरुस्तीला तीन-चार महिने लागले, तर तोवर नेहमीचा होम इन्शुरन्स चालेल ना?

*

नाही ताई. घर ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं, तर नेहमीच्या पॉलिसीत तोडफोड आणि गोठलेल्या पाइपांचं नुकसान सहसा धरत नाहीत. रिकाम्या घराची वेगळी पॉलिसी मिळते, ती महाग असते. तिचा भाव ऑफर देण्याआधीच मागवा आणि दुरुस्तीच्या आकड्यात धरा.