मॅकबेथच्या मेजवानीतला शब्द : अपराधगंड, टोचणी की आणखी काही?

शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकातल्या तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशावर लिहिते आहे आणि एका शब्दाशी अडले आहे. नवा राजा मॅकबेथ सरदारांना मेजवानी देतो. मंडळी आपापल्या मानाप्रमाणे बसतात, तोच त्याने पाठवलेला मारेकरी दाराशी येऊन सांगतो की सरदार बँकोचं काम झालं, डोक्यावर वीस खोल घाव आहेत. मुलगा फ्लीअन्स तेवढा निसटला. मग मॅकबेथला आपल्याच जागेवर बँको बसलेला दिसतो. दुसऱ्या कुणालाच नाही.

याला सर्रास ‘अपराधगंड’ म्हणतात. मला तो शब्द खुपतो. न्यूनगंड, अहंगंड यांच्या शेजारी बसलेला हा शब्द ऐकला की वाटतं, माणसाच्या मनात उगीच गाठ बसली आहे. इथे तर खरोखर खून करवलेला आहे! ‘पश्चात्ताप’ म्हणावं का?

—

पश्चात्ताप नको. याच प्रवेशाच्या शेवटी तो म्हणतो, रक्तात इतका आत आलोय की मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच जड आहे. पश्चात्ताप झालेला माणूस मागे फिरतो, हा चेटकिणींकडे जायचं ठरवतो. ‘सल’ही नाही, सल बहुधा दुसऱ्याने दिलेल्या दुःखाचा असतो. ‘टोचणी’ जवळचा आहे, पण भर दरबारात ओरडायला लावणारी टोचणी मी तरी ऐकलेली नाही.

मला इथे ‘मन खातं’ हेच बरोबर वाटतं. यजमान स्वतः एक घास खात नाही, त्याचं मन त्याला खातं. आणि ‘मी केलं असं तुला म्हणता येणार नाही’ हे तो सगळ्यांसमोर बोलून बसतो, त्याला आपल्याकडे चोराच्या मनात चांदणं म्हणतात. कुणी आरोप केलेलाच नव्हता.

—

‘मन खातं’ घेतलं, आभार. आता भुताचं. ‘झपाटलेला’ लिहिलं होतं, खोडलं. आज कामाने, संगीतानेही माणूस झपाटतो, त्यात उत्साह आला आहे. ‘पछाडलेला’ चालेल, पण बँको त्याच्या अंगात येत नाही, एक अक्षर बोलत नाही. नुसता येऊन बसतो. 1623च्या फोलिओतली, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या संग्रहातली रंगसूचनाही तशीच आहे : भूत येतं आणि मॅकबेथच्या जागी बसतं. समंध, मुंजा, हडळ ही नावं सुचवलीत, तर ती इथे बसत नाहीत. ती मेलेल्याचं वय, जात, बाई की पुरुष हे सांगतात. साधं ‘भूत’च हवं.

त्याचं कारण परवा लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. दोनच प्रवेश आधी लेडी मॅकबेथ नवऱ्याला समजावते, ‘झालं ते झालं.’ आणि ‘भूत’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थच ‘झालेलं’! भूतकाळातला तोच. जे झालं म्हणून तिने मिटवलं, तेच ताटावर येऊन बसतं. इंग्रजीत हा दुवा नाही, मराठीत तो आयता मिळतो.

आणखी एक. त्याच दिवशी मॅकबेथने बँकोला बजावलं होतं, रात्रीची मेजवानी चुकवू नकोस, आणि तो हो म्हणाला होता. मेजवानीत मॅकबेथ दोनदा त्याची आठवण काढतो, दोन्ही वेळा तो हजर.

माझं वाक्य आता असं झालं आहे : ‘बोलावलेला पाहुणा आला, आणि यजमानाला बसायला जागा उरली नाही.’