डिझायनर बोलवायचाच तर भिंतीत झिरी मारायच्या आधी

कोनाडा
काल 'रंधा' यांनी लिहिलं की इंटिरिअर डिझायनर म्हणजे सुताराच्या बिलावर चढवलेला जादा खर्च. कसलेला सुतार आणि मोबाइलमधले चार फोटो असले की घर उभं राहतं. फारच हौस असेल तर सगळं झाल्यावर पडदे आणि रंग निवडायला डिझायनर बोलवावा. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

ते शेवटचं वाक्य मला अजिबात पटलेलं नाही. पडद्यांना कशाला हवा डिझायनर? तो लागतो खोली रिकामी असताना. पलंग कुठल्या भिंतीला लागणार हे ठरलं नसताना इलेक्ट्रिशियनने वायरसाठी भिंतीत झिरी (खाच) मारली की स्विच नेमका पलंगाच्या पाठीमागे जातो. कपाट २४ इंच खोल, त्याचं दार उघडून समोर उभं राहायला आणखी ३० ते ३६ इंच, मग पलंगाला किती उरलं? हा हिशोब कागदावर फुकट सुधारतो, प्लास्टर झाल्यावर छिन्नी लागते. एसीच्या पाण्याच्या पाइपला उतार, गीझरचा पॉइंट, फ्रीजचं दार कुठल्या बाजूला उघडणार, हे सगळं भिंतीत गाडलं जातं.

काम कसं करून घ्यायचं, तेही सांगतो. आधी मापांसकट प्लॅन, मग विजेचा आणि नळाचा नकाशा, मग प्रत्येक भिंतीचं समोरून चित्र. सामानाची यादी लेखी हवी: प्लायची जाडी, प्रत, बिजागरी, लॅमिनेट. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे आणि शेवटचा हप्ता सगळ्या त्रुटी दुरुस्त झाल्यावरच. एवढं न ठरवता 'डिझायनरने फसवलं' म्हणायचं हे बरोबर नाही.

रंधा
प्लॅनिंग नको असं मी कुठे म्हटलं? मला राग आहे तो संगणकावरच्या चित्रांचा. चित्रातली भिंत सरळ असते. प्रत्यक्षात ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) लावला की वरून खालपर्यंत अर्ध्या इंचाचा फरक निघतो. चित्रातलं कपाट तिथे बसत नाही आणि मग बोलणी सुतार खातो. भावाच्या घरी डिझायनर बाई चित्रं देऊन गेल्या त्या पुन्हा साइटवर फिरकल्याच नाहीत. फोनवर एकच उत्तर, 'ड्रॉइंगप्रमाणे करा.'

आणि कमिशनबद्दल कुणीच बोलत नाही. त्याच भावाबरोबर लॅमिनेट बघायला गेलो, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न, 'बरोबर डिझायनर कोण आहे?' दर त्यानंतर सांगितला. यातून काय समजायचं?

पायरी
मी याच व्यवसायात आहे. कमिशन घेणारे आहेत, नाकारत नाही. पण त्यावर उपाय आहे. पहिल्या भेटीतच विचारा, 'दुकानदाराकडून तुम्हाला काही मिळतं का?' आणि उत्तर करारात लिहून घ्या. एकूण खर्चाच्या टक्क्यांवर फी ठरली तर खर्च वाढण्यात डिझायनरचा फायदा असतो. ठरावीक रक्कम किंवा चौरस फुटावर फी ठेवा, हा प्रश्नच उरत नाही. साइटवर किती वेळा यायचं तेही त्याच करारात येतं. ते लिहिलं नसेल तर 'फिरकल्या नाहीत' या तक्रारीला आधार काय?

आता आमचंही ऐका. 'सहज एक लेआउट दाखवा' म्हणून लोक काढून घेतात आणि तोच कागद सुताराच्या हातात देतात. फुकट विचार करून द्यायला आम्ही बसलेलो नाही. सुताराला लाकूड कापायचे पैसे देता ना? मग आम्हालाही विचार करायचे द्या.

उंबरठा
विचार करायचे पैसे जरूर घ्या, पण मग विचार करा! आमच्या ओट्याची उंची डिझायनरने ३४ इंच ठेवली. आई ४ फूट १० इंच. तिला खांदे उचलूनच काम करावं लागतं, रात्री मान दुखते. विचारलं तर म्हणे, 'स्टँडर्ड आहे.' कोपरापासून ४ ते ६ इंच खाली ओटा हवा, हे माप घ्यायला दोन मिनिटं लागतात.

रंधा
हेच म्हणतोय मी! आमचा सुतार घरातल्या बाईंना उभं करतो, कोपर वाकवायला सांगतो आणि पेन्सिलीने भिंतीवर खूण करतो.

निळी शाई
'घरातल्या बाईंना'? आमच्याकडे नवरा ५ फूट ११ आणि मी ५ फूट १. स्वयंपाक दोघं करतो. तुमचा सुतार कुणाच्या कोपरापाशी खूण करणार?

रंधा
शब्दात पकडू नका. बहुतेक घरांत काय चालतं ते सांगितलं.

निळी शाई
शब्दाचा मुद्दाच नाही. जो उभा राहणार त्याचं माप घ्या. दोघं असतील तर दोघांचं. 'बहुतेक घरांत' म्हणूनच ओटे चुकतात आणि मग पुरुष 'मला वाकावं लागतं' म्हणून सुटतात.

कोनाडा
धागा डिझायनरचा आहे. ओट्याचा वेगळा काढा.

उंबरठा
वेगळा का? ओटा जमत नसेल तर डिझायनर घ्यायचा कशाला?

पायरी
ओट्याचा विचार डिझायनरांनी कधीचाच केलाय. १९२६ साली वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या घरांसाठी 'फ्रँकफुर्ट किचन' आखलं. सुमारे १.९ बाय ३.४ मीटर जागा, प्रत्येक हालचालीचा अभ्यास, खिडकीखाली बसून काम करायची सोय आणि फिरतं स्टूल. तिथे अशी जवळपास १०,००० स्वयंपाकघरं बसली. हे सुताराच्या पेन्सिलीतून आलेलं नाही.

रंधा
त्याच बाईंनी पुढे सांगितलंय की तोवर त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं की स्वयंपाक केला नव्हता. तुमच्याच उदाहरणातून माझा मुद्दा सिद्ध होतो.

पायरी
उलट! स्वतः केला नव्हता म्हणूनच मोजून पाहिलं, करणाऱ्यांच्या हालचाली अभ्यासल्या. 'मला सगळं माहीत आहे' म्हणणाऱ्याने मोजलंच नसतं.

निळी शाई
दहा हजार घरांत ठरावीक मापं, आणि उंबरठांच्या आईच्या वाट्यालाही 'स्टँडर्ड'च. शंभर वर्षांत एवढंच बदललं? आमच्याकडे शेवटी दोन उंच्या केल्या. चिरायची बाजू नवऱ्याच्या मापाने, शेगडीची माझ्या, कारण भांड्याची उंची वर धरावी लागते. ही कल्पना डिझायनरची होती, सुताराने 'वाईट दिसेल' म्हणून विरोध केला. रंधा, हेही ऐकून घ्या.

रंधा
ऐकलं. दोन उंच्यांची कल्पना चांगली आहे, मान्य. पण सुरुवातीपुरती फी मोजून फक्त प्लॅन आणि विजेचा नकाशा घ्यावा, देखरेख आपण करावी. अख्खं घर डिझायनरच्या हातात देण्याला माझा विरोध कायम.

कोनाडा
पण मग काल 'पडदे निवडायला बोलवा' का लिहिलंत? माझा आक्षेप तेवढाच होता.

रंधा
ते वाक्य मागे घेतो. कमिशनचं नाही.

पायरी
फक्त प्लॅन देणारे आमच्यात बरेच आहेत. मात्र नंतर भिंत सरकवलीत तर 'नकाशा चुकला' म्हणू नका.

उंबरठा
इतकं वाचलं, माझ्या आईचं काय? ओटा फोडायची इच्छा नाही.

निळी शाई
ओट्याजवळ ३-४ इंच उंचीची रुंद, न हलणारी पायरी करता येते, पण त्या वयात अडखळायची भीती, म्हणून मी सुचवणार नाही. खाली गुडघे जातील अशी जागा असलेलं टेबल ठेवा, चिराचिरी बसून होऊ दे. सिंकला हात लावू नका, तिथे उंची आईच्या उपयोगाचीच असणार, कारण हात सिंकच्या तळाशी जातात आणि तळ ओट्यापेक्षा ७-८ इंच खाली असतो. कधी खोल सिंक बसवायचं ठरलं तर आधी भिंतीतलं सांडपाण्याचं आउटलेट किती उंचीवर आहे ते मोजून घ्या, नाहीतर पाण्याला उतार मिळणार नाही.